कृत्रिम कानातला सिलिकॉन-रेझिनचा जोड: छिद्रे, प्रायमर की दोन्ही?

इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या खुंटीवर) बसणाऱ्या कृत्रिम कानात बाहेर सिलिकॉन आणि आत अ‍ॅक्रिलिकची (कडक प्लास्टिकसारख्या रेझिनची) तबकडी असते. क्लिप किंवा मॅग्नेट त्या तबकडीत बसवलेले असतात. रुग्ण रोज कान काढतो तेव्हा ओढ थेट सिलिकॉन आणि तबकडीच्या सांध्यावर येते. सांधा आधी कडेला उघडतो. मग आत घाम आणि तेलकटपणा शिरतो आणि वास येऊ लागतो. सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला आपणहून धरत नाही, त्यामुळे ही पकड मुद्दाम तयार करावी लागते.

फक्त छिद्रे. तबकडीला दीड-दोन मिलिमीटरची छिद्रे पाडून मागच्या तोंडाला ती रुंद केली की सिलिकॉन पलीकडे जाऊन बटणासारखे अडकते. प्रायमर (सिलिकॉन चिकटावे म्हणून आधी लावायचे द्रव) बिघडला तरी ही पकड राहते. पण दोन छिद्रांमधला पृष्ठभाग मोकळाच राहतो, ओलावा तिथेच साचतो. शिवाय क्लिपजवळ छिद्र पाडले तर तबकडी तिथून तडकते.

फक्त प्रायमर. काम झटपट होते, पण गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकवर भरवसा ठेवू नये. प्रायमर सिलिकॉनच्या जातीचाच हवा. एमडीएक्स 4-4210 आणि ए-2186 ही दोन्ही प्लॅटिनमवर पिकणारी (प्लॅटिनम उत्प्रेरकाने घट्ट होणारी) सिलिकॉन्स आहेत, त्यांना टिनवर पिकणाऱ्या सिलिकॉनसाठीचा प्रायमर चालत नाही. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे जाड थर. वाळल्यावर पांढरट भुकटी दिसली तर सांधा त्या थरातूनच फुटणार. तो पुसून पुन्हा पातळ लावा आणि बाटलीवर सांगितलेला वेळ पूर्ण वाळू द्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बाटली उघडी राहिली की प्रायमर हवेतली आर्द्रता ओढतो. गढूळ झालेली बाटली टाकून द्यावी.

सँडब्लास्ट आणि प्रायमर. आमच्या मते सुरुवात इथूनच करावी. 110 मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनाने पृष्ठभाग एकसारखा निस्तेज होईपर्यंत दाबाच्या हवेने कणांचा मारा करा. कॉम्प्रेसरची हवा तेलविरहित असू द्या, नाहीतर खरखरीतपणावर तेलाचा थर बसतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अ‍ॅसिटोन वापरायचे असेल तर एकदाच, झटकन. जास्त वेळ राहिले तर अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. काही जण मोनोमर (ज्यापासून हे रेझिन बनते ते द्रव) तीन मिनिटे लावून पृष्ठभाग मऊ करतात. त्याचाही उपयोग होतो, पण सँडब्लास्टने उठवलेली टोके त्याने विरघळतात, म्हणून दोन्ही एकत्र करू नये.

पकडीइतकेच महत्त्व रेझिनच्या निवडीला आहे, आणि याकडे फार दुर्लक्ष होते. उष्णतेने पिकवलेले अ‍ॅक्रिलिक सर्वांत निर्धोक. सेल्फ-क्युअर (उष्णतेशिवाय आपोआप पिकणाऱ्या) अ‍ॅक्रिलिकमधले अमाइन प्लॅटिनमला निकामी करू शकते, मग सांध्यालगतचे सिलिकॉन चिकटच राहते. वरून कान छान दिसतो आणि ओढताच सोलून येतो. लाइट-क्युअर (प्रकाशाने पिकणाऱ्या) रेझिनवर हवेमुळे अर्धवट पिकलेला चिकट थर राहतो. शेवटचे क्युअरिंग ग्लिसरिनच्या थराखाली करा आणि मग सँडब्लास्ट करा. लॅटेक्सचे हातमोजे आणि गंधक असलेली मॉडेलिंगची माती टेबलावरही नकोत, त्यातले गंधकही सिलिकॉन पिकू देत नाही.

सिलिकॉन वजनाने 10 भाग बेस, 1 भाग क्युअरिंग एजंट. एमडीएक्स 4-4210 हे 100 अंश सेल्सियसला लवकर पिकते, पण अ‍ॅक्रिलिक साधारण 105 अंशांच्या आसपास मऊ पडते. 55 अंशांना दोन तास बरे. साच्याचे प्लास्टर आतून तापल्यावरच घड्याळ लावा.

निवड अशी करावी: मॅग्नेट असतील आणि तबकडी पातळ असेल तर सँडब्लास्ट आणि प्रायमर पुरते. बार-क्लिपला (दांडीवर अडकणाऱ्या क्लिपला) काढताना जास्त ताकद लागते, म्हणून तिथे छिद्रेही हवीत, पण क्लिपपासून दूर आणि कडेच्या बाजूला. तबकडीची कड गोल करा. धारदार कड सिलिकॉन कापते.

रुग्णाच्या कानाआधी त्याच रेझिनची पट्टी करून वर सिलिकॉन लावा आणि ते 180 अंशांत मागे ओढा. सिलिकॉन फाटून काही भाग रेझिनवर राहिला तर सांधा पास. स्वच्छ सोलून आले तर नापास.

सुटलेल्या कानाला अ‍ॅसिटॉक्सी सिलिकॉन लावून काही आठवडे ढकलता येतात. पण व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत तो रुग्णाला देऊ नये, कारण ते आम्ल त्वचेला झोंबते. पक्की दुरुस्ती करताना जुने सिलिकॉन बरने (फिरत्या खरवडणीने) पूर्ण खरवडून रेझिन पुन्हा उघडे करावे लागते.