फाँतेनब्लो: चार वर्षांच्या पोराला घेऊन कातळावर जायचं असेल तर

लहान मुलांसाठी चढाईची जागा पारखताना आईबापांची नजर आधी वर जाते. बघायचं असतं खाली. पोर निसटलं तर कशावर पडेल, आणि माथ्यावर पोचलं तर मागच्या बाजूने उतरायला सोपी वाट आहे का? या दोन कसोट्या लावल्या, तर पॅरिसच्या आग्नेयेला साठेक किलोमीटरवर असलेलं फाँतेनब्लोचं जंगल तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अव्वल आहे. मात्र त्यातले ठरावीक भागच.

इथला दगड वालुकाश्म. सुट्या शिळा झाडांत विखुरलेल्या, कित्येक जेमतेम माणसाच्या उंचीच्या, आणि बऱ्याच ठिकाणी पायथ्याशी पांढरी बारीक वाळू. आपल्या सह्याद्रीत नेमकं हेच मिळत नाही. बेसॉल्टचे तुकडे हातात येतात, पायथ्याशी धोंडे असतात, कड्यांना आग्यामोहोळ लटकलेलं असतं. एवढ्याशा मुलांना किल्ल्यांच्या कड्यांखाली नेऊच नये.

भाग निवडताना सगळ्यांत नावाजलेला बा क्युव्हिए टाळा. वर्षानुवर्षं बूट घासून तिथल्या पकडी, म्हणजे हातपाय टेकवायच्या जागा, काचेसारख्या गुळगुळीत झाल्यात, शिवाय मोठा रस्ता जवळ आहे. पश्चिमेकडच्या त्र्वा पिन्यों जंगलातला काँश ओ मेर्सिये घ्या: गाडीतळापासून थोडकी सपाट चाल आणि बुटक्या शिळा. क्यू द शियाँला वाळूचं मोठं मैदान आहे, पण चाल जास्त. बाबागाडी वाळूत रुतते, तेव्हा पाठीवरची झोळी न्या. लार्शाँजवळच्या लेलेफाँची वाळू मुलांना वेड लावते. तिथे खेळू द्या, चढवू नका, शिळा उंच आहेत. पॅरिसच्या गार द लियोंहून फाँतेनब्लो-आव्हों स्टेशनला रेल्वेने चाळीसेक मिनिटं लागतात, पण त्र्वा पिन्यों तिथून लांब आहे. मुलं असतील तर गाडी हवीच, आणि गाडीत वस्तू दिसेल अशी ठेवू नका.

शिळांवर रंगाने बाण आणि आकडे काढलेले असतात. एका रंगाचे आकडे ओळीने चढत गेलं की एक फेरी होते. पिवळा सोपा, मग नारिंगी, निळा, लाल असा क्रम चढत जातो. घोळ पांढऱ्याचा आहे. काही भागांत पांढरा म्हणजे मुलांची फेरी, तर काही भागांत तोच रंग सर्वांत कठीण फेरीला. पहिल्या दोन-तीन शिळा बघा: माथा मोठ्यांच्या छातीला लागत असेल तर ती मुलांची. पिवळ्यावरही बेतानेच विश्वास ठेवा. मोठ्याला जी पायरी मांडीइतकी, ती मीटरभर उंचीच्या पोराला छातीपर्यंत येते. आकड्यांचा हट्ट सोडून मागची तिरकी बाजू चढू द्या.

मुलं घसरतात ती बहुधा बुटाच्या तळाला चिकटलेल्या वाळूमुळे. वाळूचे कण दगड आणि रबर यांच्यामध्ये छर्ऱ्यांसारखे गरगरतात. शिळेच्या पायाशी जुनं पायपुसणं टाका, त्यावर मुलाला उभं करा आणि एकेक तळवा फडक्याने कोरडा घासा. रबर चुर्र वाजलं की झालं. प्रत्येक शिळेआधी हे करायचं. वाळूने दगडही झिजतो, म्हणून ही सवय दोघांच्याही भल्याची. बूट घट्ट नकोत, बोटं आत सरळ राहिली पाहिजेत. पातळ तळाचे कॅनव्हासचे बूटही चालतात. हातांना लावायची खडूची पूड या वयात नकोच.

मुलाला काखेत धरून वर ढकलू नका. त्याने मूल तोल शिकत नाही, आणि स्वतःला उतरता येणार नाही इतक्या उंचीवर ते जाऊन बसतं. हात कमरेच्या मागे, न टेकवता, अंगठे बोटांना चिकटवून ठेवायचे. पडलं तर पायांवर उतरवायचं आणि डोकं सांभाळायचं. मुलाचे पाय तुमच्या छातीच्या वर गेले की थांबवा. शिळेखाली पडण्यासाठी टाकायची गादी (क्रॅश पॅड) सपाट टाका, दोन गाद्यांमध्ये फट राहिली तर तिथेच घोटा मुरगळतो. उतरताना मुलाला स्वतःचे पाय दिसत नाहीत, म्हणून चढण्याआधी शिळेला वळसा घालून उतरायची वाट त्याला दाखवा. दोरी लावायची जागा ही नव्हे. दुसरीकडे कुठे दोरीवर चढवणार असाल तर पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे दोरी अडकवायचे पट्टे, घ्या. या वयात कंबर अजून भरलेली नसते, नुसत्या कमरेच्या हार्नेसमध्ये पोर उलटं होऊन निसटू शकतं.

पाऊस पडून गेला असेल तर जाऊ नका. वालुकाश्म पाणी पितो, वरून सुकलेला दिसला तरी आतून कमकुवत असतो आणि पकड तुटते. ती तुटलेली पकड पुन्हा उगवत नाही, म्हणून एक-दोन दिवस जाऊ द्या. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. बहुतेक भागांत पाणी नाही, शौचालय नाही. दोन्हींची सोय करूनच निघा. गोचिडी आहेत: लांब पँट मोज्यांत खोचा, आणि संध्याकाळी गुडघ्यांमागे, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला बोट फिरवून बघा. चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल वगैरे लावत बसू नका.