लोक्ता कागदावरील कोलाज: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत मी नेपाळी लोक्ता कागदाचे वीस ताव मागवले होते. आता आषाढ संपत आला असून त्यांतले तीन उरले आहेत. या काळात छत्रपती संभाजीनगरची थंडी, मे महिन्याचा कोरडा उन्हाळा आणि पावसाळ्यातील दमटपणा या तिन्ही ऋतूंत या कागदावर काम झाले, म्हणून त्याविषयी आता जबाबदारीने लिहिता येईल.

झाडाच्या सालीचा कागद म्हटले की आपल्याला भूर्जपत्र आठवते. परंतु भूर्जपत्र ही सोलून घेतलेली सालच असते, तर लोक्ता हा खराखुरा कागद आहे. हिमालयात सुमारे १,६०० ते ४,००० मीटर उंचीवर वाढणाऱ्या डॅफ्नी कुळीच्या झुडपांची आतली साल उकळून आणि कुटून तिचा लगदा करतात, तो पाण्यावर तरंगणाऱ्या चौकटीत ओततात आणि चौकटीसह उन्हात वाळवतात. झुडूप मुळासकट न उपटता कापले, तर साधारण पाच ते आठ वर्षांत ते पुन्हा तोडणीला येते. कोलाज करताना हा कागद जसा वागतो, त्याचे मूळ या ओतण्यात आहे. यंत्रावरच्या कागदात तंतू एका दिशेने लागलेले असतात, तसे याचे नसतात, त्यामुळे तो आडवा फाडा की उभा, सारखाच चिवट लागतो. शिवाय एकाच तावाचा एक कोपरा अर्धपारदर्शक, तर दुसरा जाडसर निघतो.

या कागदाला कात्री लावली की त्याचे निम्मे मोल गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. ओल्या बारीक कुंचल्याने रेघ ओढावी, अर्धा मिनिट पाणी मुरू द्यावे आणि दोन्ही हातांनी हलके ओढावे. कडेला लांब तंतू सुटतात आणि चिकटवल्यावर ते खालच्या थरात असे मिसळतात की जोड दिसत नाही. दौलताबादच्या डोंगरामागची सकाळची धूसर हवा मला रंगाने कधी साधली नव्हती. पातळ लोक्ताचे तीन थर एकावर एक बसवल्यावर ती साधली.

चिकटवण्याच्या बाबतीत मात्र मी दोन महिने वाया घालवले. बाजारातील पांढरा गोंद पातळ करून लावला, तेव्हा कागदाचा मऊ पोत जाऊन प्लॅस्टिकसारखी चकाकी आली आणि चुकीच्या जागी बसलेला तुकडा सोडवणे अशक्य झाले. उपाय अखेर स्वयंपाकघरातच सापडला. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून जो चीक काढतात, त्यातला वाटीभर मी मीठ घालण्यापूर्वी बाजूला ठेवला. आंबूसपणा जावा म्हणून तो दोनदा नव्या पाण्यात निवळवला, वरचे पाणी ओतून टाकले आणि वाटीला पाच वाट्या पाणी घेऊन, काचेसारखा दिसेपर्यंत मंद आचेवर ढवळत शिजवला. ही खळ कागदात मुरते, वर थर धरत नाही, आणि ओलावा दिल्यास तुकडा पुढेही सोडवता येतो. जुन्या कागदपत्रांचे जतन करणारे तज्ज्ञही याच कारणासाठी गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. बोअरच्या पाण्यात शिजवलेल्या खळीचे पांढुरके डाग गडद निळ्या कागदावर उमटले, म्हणून मी आता फिल्टरचेच पाणी घेते. लोक्ताला कीड सहसा लागत नाही, पण खळीला लागते. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालत. मी ते टाळते, कारण ते विषारी आहे आणि तांब्यामुळे कागद कालांतराने कमकुवत होतो. त्यापेक्षा खळ थोडी आणि ताजी करणे बरे.

उन्हाळ्यात कूलर चालू असताना खोलीत दमटपणा आणि बंद करताच कोरडेपणा, या ओढाताणीत कोलाज चिकटवलेल्या माझ्या दोन पाट्या धनुष्यासारख्या वाकल्या. तेव्हापासून मी पाटीच्या मागील बाजूसही तितक्याच वजनाचा कागद चिकटवते आणि चित्र सुती कापडात, वजनाखाली दोन दिवस ठेवते. त्यानंतर केलेली एकही पाटी पावसाळ्यातसुद्धा वाकलेली नाही.

रंगीत ताव घेताना सावध राहावे. विक्रेत्याने पक्का म्हणून दिलेला लाल रंग खळ लागताच शेजारच्या पांढऱ्या कागदात उतरला आणि महिन्याचे काम गेले. तुकडा ओला करून टिपकागदावर दाबून पाहिला असता, तर हे टळले असते. शाई फुटते, म्हणून बोरूने लिहायचे असल्यास त्या जागी आधी पातळ खळीचा हात द्यावा.

खालच्या थरासाठी मी कागजीपुऱ्याचा कागद वापरते. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणाऱ्या या गावाची कागदनिर्मिती तुघलकाच्या काळाशी जोडली जाते, आणि तेथील कागद सालीचा नसून सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो. तो जाड व भरीव असल्याने भार पेलतो. वरचा लोक्ता उजेड झिरपू देतो. हिमरू कापडाच्या कात्रणांचे वजन केवळ लोक्तावर टाकले तेव्हा कागदाला सुरकुत्या पडल्या होत्या, या जोडीवर ती नीट बसली.

टपालखर्चासह एक ताव मला सुमारे १२० रुपयांना पडला. पुढच्या खेपेस मी केवळ पातळ, बिनरंगी तावच मागवणार आहे आणि हळद न वापरता, कारण ती उन्हात उडते, डाळिंबाच्या सालींच्या काढ्याने ते घरीच रंगवणार आहे.