चक्कर न येणाऱ्या रुग्णाची तोल-तपासणी : इंदुरातील एका केंद्राचा अनुभव

रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशींना गंभीर जंतुसंसर्गासाठी दोन आठवडे जेंटामायसिनची इंजेक्शने घ्यावी लागली. त्या बऱ्या झाल्या, परंतु हिंडूफिरू लागताच दुकानांच्या पाट्या डोळ्यांपुढे हलू लागल्या आणि अंधारात पाऊल भलतीकडे पडू लागले. दोन महिने चक्करेच्या गोळ्या घेऊनही फरक न पडल्याने आम्ही शहरातीलच एका तोल-तपासणी केंद्रात गेलो.

'घर गरगर फिरते, की पाय डगमगतो?' हा डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न मला आवडला. 'बसले की काही नाही, उठले की तारांबळ,' हे मावशींचे उत्तर त्यांनी जसेच्या तसे लिहून घेतले. एकाच बाजूचा आंतरकर्ण अचानक निकामी झाला, तर दोन्ही कानांकडून मेंदूला जाणाऱ्या संदेशांत तफावत पडते व सारे गरगरते. दोन्हीकडच्या केसपेशी (आंतरकर्णातील हालचाल टिपणाऱ्या पेशी) सारख्याच मेल्या, तर तफावत उरत नाही, म्हणून घेरी न येता तोलाचा आधारच जातो, हे त्यांनी आकृती काढून समजावले. जेंटामायसिन याच पेशींना मारक ठरू शकते आणि माणसात त्या पुरेशा संख्येने पुन्हा तयार होत नाहीत.

मग कॅमेरा बसवलेला चष्मा लावून भिंतीवरील ठिपक्याकडे पाहायला सांगितले आणि डोके झटकन वळवले. निरोगी कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांच्या संदेशामुळे डोळे तत्क्षणी उलट दिशेस फिरतात व नजर ठिपक्यावर टिकते. मावशींची नजर दर वेळी डोक्याबरोबर घसरून उडी मारत परतली; पाट्या का हलतात, हे कोडे मला त्या पडद्यावर उलगडले. त्यानंतर कानात ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचे पाणी सोडले. या तपासणीचा पाया घालणारे रॉबर्ट बारानी यांना १९१४चे नोबेल मिळाले होते. एरवी अशा पाण्याने डोळे थरथरू लागतात. मावशी मात्र शांतपणे छताकडे पाहत राहिल्या आणि 'गार आहे हो,' एवढेच म्हणाल्या.

उपचार म्हणजे व्यायाम: हातातील अक्षरावर नजर रोखून मान हलवणे, फोमच्या गादीवर उभे राहणे. मेलेल्या पेशी याने परत येत नाहीत, पण डोळे आणि तळपाय यांच्यावर अधिक विसंबायला मेंदू शिकतो. सहा आठवड्यांत उजेडातली चाल सुधारली आहे. रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफा बाजारात जाण्याची हिंमत अजून होत नाही.

दोन तक्रारी आहेत. अहवाल पूर्णपणे इंग्रजीत मिळतो. शिवाय तोल गेलेल्यांसाठीचे हे केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि जिन्याला एकाच बाजूने कठडा आहे, तोही अर्ध्यावर संपणारा! जाताना सोबत कोणी धडधाकट माणूस न्यावा, आणि पूर्वी दिलेल्या इंजेक्शनांचे कागद न विसरता घ्यावेत, कारण आमचे निदान त्या कागदांमुळेच लवकर झाले.