अलास्का हायवे की कॅसियार? मोटारहोममधून प्राणी बघायला कोणता रस्ता धरायचा

कॅनडाच्या उत्तर ब्रिटिश कोलंबियातून मोटारहोमने, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीने, युकॉनकडे जायला रस्ते दोन. पूर्वेला डॉसन क्रीकहून निघणारा, १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत बांधलेला अलास्का हायवे. पश्चिमेला किटवांगाहून वर चढणारा हायवे ३७, म्हणजे स्ट्युअर्ट-कॅसियार. वॉटसन लेक गावाच्या थोडं पश्चिमेला दोन्ही मिळतात. कॅलगरी-एडमंटनची मंडळी सवयीने पहिला धरतात, व्हँकुव्हरची दुसरा. पण प्राणी बघायचे असतील तर घर कुठे आहे यापेक्षा सुट्टी कुठल्या महिन्यात मिळते आहे ते आधी बघा.

मे अखेर ते जून असेल तर अलास्का हायवे, आणि त्यातही फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक हा टप्पा. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडी रुंद पट्ट्यात तोडलेली आहे. त्या उघड्या पट्ट्यात गवत आणि डँडेलियनची पिवळी फुलं जंगलाच्या आधी उगवतात, म्हणून काळी अस्वलं गुरांसारखी तिथे चरायला येतात. समिट लेक आणि मंचो लेकच्या परिसरात स्टोन शीप ही रानमेंढी क्षारांसाठी रस्त्यावर उतरते आणि नेमकी आंधळ्या वळणावर उभी असते. मंचो लेकला एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी, तेव्हा तिथे फोटोसाठी मध्येच थांबायचं नाही. पुढे खास थांबायच्या जागा आहेत.

लियार्डच्या गरम झऱ्यांच्या पुढे वूड बायसन, म्हणजे गव्यासारखा अवाढव्य रानटी प्राणी. नर ८००-९०० किलोचा, जूनमध्ये हिवाळी लोकर चिंध्यांसारखी लोंबत असलेला, रस्त्याकडेच्या मातीत लोळून धूळ उडवणारा. हॉर्न वाजवू नका, तो हटत नाही आणि वर चिडतो. वेग माणसाच्या चालीइतका करा. आई रस्ता ओलांडून गेली की लगेच गाडी दामटू नका, कारण तांबूस वासरू बहुतेक वेळा मागेच राहिलेलं असतं. अंधारात हे काळं धूड डांबरावर अजिबात दिसत नाही. जूनमध्ये रात्री उजेड असतो, पण ऑगस्टमध्ये अंधार परततो. तेव्हा या टप्प्यावर संध्याकाळनंतर गाडी चालवणं हा निव्वळ आगाऊपणा आहे.

मध्य जुलै ते सप्टेंबरची सुरुवात असेल तर कॅसियार. कारण एकच, सॅमन मासा. मेझियाडिनला ३७ए वर वळलं की सुमारे ६५ किलोमीटरवर स्ट्युअर्ट, आणि लगेच पलीकडे अलास्कातलं हायडर. तिथल्या फिश क्रीकमध्ये चम आणि पिंक सॅमन अंडी घालायला चढतात, आणि लाकडी मार्गिकेवर उभं राहिलं की ग्रिझली (तपकिरी) आणि काळी अस्वलं खाली मासे पकडताना दिसतात. सकाळची आणि संध्याकाळची वेळ धरा. मार्गिकेवर खाण्याचं काहीही नेऊ नका. हायडरमध्ये शिरताना अमेरिकेची चौकी नाही, परतताना कॅनडाची आहे. चौकी नाही म्हणून कायदा बदलत नाही: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा हवाच. भाड्याच्या गाडीचा विमा सीमेपलीकडे आणि कच्च्या रस्त्यावर चालतो का, तेही करारात वाचा. फिश क्रीककडचा रस्ता कच्चा आहे.

प्रिन्स जॉर्जहून व्हाइटहॉर्सला जाताना कॅसियारने दोनेकशे किलोमीटर वाचतात, पण रस्ता अरुंद, कडेला पट्टी जवळजवळ नाही आणि झाडी अंगावर येते. अस्वल दिसतं तेव्हा ते बोनेटसमोरच असतं. थांबायला जागा कमी, पेट्रोलपंप त्याहून कमी. डीज लेकनंतर वरच्या जंक्शनपर्यंत सुमारे २३५ किलोमीटर आहेत, त्यामुळे टाकी अर्धी झाली की भरून घ्या.

मूस हे उंच पायांचं प्रचंड हरीण. तो दोन्हीकडे भेटतो आणि अपघातात सगळ्यात वाईट तोच. त्याचे डोळे हेडलाइटच्या झोतापेक्षा वर असल्याने चमकत नाहीत. धडक पायांना बसते आणि धड काचेवर येतं. पाच-सहा टनांची गाडी कारसारखी थांबत नाही, म्हणून पहाटे आणि संधिप्रकाशात ७०-८० च्या वर जाऊ नका. प्राणी दिसला तर आधी आरसा बघा, धोक्याचे दिवे लावा, आणि सरळ, कडक जागा असेल तरच बाजूला घ्या. अलास्का हायवेची मुरमाची कड मऊ असते, उजवं चाक रुततं. खाली उतरायचं नाही.

मुक्कामात गाडी म्हणजे किल्ला नव्हे. भिंत म्हणजे फायबरचा पातळ पत्रा आणि आत फोम. अस्वल येतं ते वासावर, आणि वास येतो तो लोक विसरतात अशा ठिकाणांहून: ग्रिलखालचा चरबीचा ट्रे, कुत्र्याचं भांडं, बंपरला बांधलेली कचऱ्याची पिशवी आणि सांडपाण्याच्या टाकीचा ठिबकणारा नळ. फोडणीचं खरकटं पाणी त्यात असतंच, तेव्हा झडप बंद करून वर झाकण घट्ट लावा. ग्रिल गरम असतानाच खरवडा, ट्रे पुसा, कागद अस्वलरोधक पेटीत टाका. काळं अस्वल गरीब असतं हा गैरसमज आहे. १९९७ च्या ऑगस्टमध्ये लियार्डच्या गरम झऱ्यांवर एका काळ्या अस्वलाने दोघांचा जीव घेतला.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवायचा तिखट फवारा, किमान २२५ ग्रॅमचा, मुदत बघून घ्या. विमानात चालत नाही, तिथेच विकत घ्या. डॅशबोर्डवर उन्हात ठेवलात तर डबा फुटू शकतो. दाराशी खुंटीवर ठेवा, उतरताना कमरेला लावा, सॅकमध्ये नको.

पाच-सहा आठवडे हातात असतील तर निवडायची गरजच नाही. जूनमध्ये अलास्का हायवेने वर जा, जुलै अखेरीस कॅसियारने खाली या. उलटं केलंत तर जूनमध्ये फिश क्रीकला नुसतं पाणी बघाल.