क्वीन मेरी २ वरची गाला संध्याकाळ: पैठणी चालते, नियम मात्र कडक

क्वीन मेरी २ हे क्युनार्ड कंपनीचं प्रवासी जहाज. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क या त्याच्या सात रात्रींच्या सफरीत कंपनी साधारण दोन गाला, म्हणजे औपचारिक पोशाखाच्या, संध्याकाळी ठेवते. संध्याकाळी सहानंतर पुरुषांना टक्सिडो किंवा गडद सूट, बायकांना इव्हनिंग गाऊन किंवा तसाच औपचारिक पोशाख. पण नियमात राष्ट्रीय पोशाखही बसतो, म्हणून बंदगळा आणि पैठणी बिनधास्त न्या. आम्हाला या सेवेतली ही सगळ्यात आवडलेली गोष्ट.

खरी अडचण इस्त्रीची. आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री चालत नाही. जहाजावरच्या लाँड्रीत ती मोफत आहे, पण गालाच्या दुपारी तिथे रांग लागते. आदल्या दिवशीच उरका. पैठणी उलट्या बाजूने, वर सुती कापड टाकून, मंद आचेवर. पाणी शिंपडू नका, रेशमावर डाग राहतो. बॅगेत भरताना मलमलीत गुंडाळा आणि घडी जुन्या रेषेवर पाडू नका, जरीचे धागे तिथेच तुटतात.

अटलांटिकवर जहाज डोलतं. आधी सँडल घाला, मग साडी नेसा, आणि नेहमीपेक्षा बोटभर वर. नाहीतर जिन्यात निऱ्या पायाखाली येतात. टाच रुंद हवी. निऱ्यांना खोचण्याआधी एक मोठी सेफ्टी पिन, पदराला खांद्यावर दोन. डेकवरच्या वाऱ्यात एक पिन रेशीम फाडते.

नटायचं नसेल तर किंग्ज कोर्ट या बुफेमध्ये साध्या कपड्यांत जेवता येतं, गोल्डन लायन पबमध्येही बसता येतं. मुख्य भोजनगृह आणि क्वीन्स रूममधला नाच मात्र मग विसरा.