द्राक्षबागेत सेन्सर आणि ऑटो व्हॉल्व्ह: अर्ध्या एकराच्या ट्रायलचा रिव्ह्यू

बाग निफाड साइडला, थॉमसन जातीची, डॉगरीज खुंटावर कलम केलेली. मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर, छोटं वेदर स्टेशन आणि मोबाईलवरून चालणारे व्हॉल्व्ह असं पॅकेज आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण सर्व्हिस अजून चालू आहे. सेल्सवाला पहिल्यापासून मागे लागलेला, दादा सगळ्या बागेतच टाका, आणि ट्रायल घ्यायचीच तर घराजवळच्या प्लॉटवर घ्या. तो प्लॉट मुरमाड, निचऱ्याचा, तिथं कशानंही माल चांगलाच येतो, मग ट्रायल कशाची? मी खालचा काळ्या जमिनीचा प्लॉट दिला आणि शेजारच्या ओळींना नेहमीसारखं हातानंच पाणी ठेवलं, खत-फवारणी दोन्हीकडे सेम.

वेदर स्टेशन एक नंबर. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस नसतानाही दवानं पान ऊन वर येईपर्यंत ओलंच राहतं, ते ॲपवर दिसतं, आणि डाऊनीला (केवडा रोगाला) तेवढंच पाहिजे असतं. आभाळ बघून घाबरून मारायचो ते दोन-तीन स्प्रे तरी वाचले.

सेन्सरनं मात्र डोकं खाल्लं. काळी जमीन सुकली की भेगाळते, सेन्सरच्या बाजूला फट पडते, आत हवा शिरते आणि ॲप बोंबलायला लागतं पाणी सोडा पाणी सोडा, इकडे फावडं मारून माती हातात घेतली तर मस्त गोळा होतोय! टेक्निशियननं माती पातळ कालवून सेन्सर परत बसवला, मग लाइनवर आला. वर ॲप सांगतं सकाळी पाणी द्या आणि आमची शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची, व्हॉल्व्ह उघडून बसलेला अन् मोटर बंद. हे त्यांच्या ऑफिसात कोणाला सुचलंच नव्हतं, मी बोंब मारल्यावर लाइटच्या पाळीप्रमाणे शेड्युल टाकायची सोय केली.

मण्याची साइज दोन्हीकडे सारखीच, पाणी ट्रायलच्या ओळींना कमी लागलं. पण हा एकाच हंगामाचा हिशोब, खरड छाटणीनंतरचा उन्हाळा अजून बघायचाय.

सध्या वेदर स्टेशन पूर्ण बागेसाठी ठेवतोय, सेन्सर खालच्याच प्लॉटला, ऑटो व्हॉल्व्ह आत्ता नको. पाच पैकी साडेतीन. कोणाला घ्यायचं असेल तर ट्रायलचे पैसे फायनल बिलात वजा होणार का ते आधी लिहून घ्या, तोंडी सगळे हो म्हणतात.