पांगुळगाडा उत्तम, गल्ल्याजवळची टोपली मात्र काढा

नात दहा महिन्यांची झाली, धरून धरून उभी राहते. तिच्यासाठी पांगुळगाडा घ्यायला नाशिकच्या मेन रोडवरच्या या खेळण्यांच्या दुकानात महिन्याभरात तीनदा गेलो. शेवटी गाडा घेतला, समाधान आहे. पाचपैकी चार तारे देतोय. पाचवा का नाही, तेही सविस्तर लिहितो, कारण लहान मूल घरात असलेल्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. अंबडच्या एमआयडीसीत मी सत्तावीस वर्षं पीव्हीसी कंपाउंडच्या कामात होतो. पीव्हीसीचं रेझिन म्हणजे मैद्यासारखी पांढरी पावडर. तिच्यापासून बनलेलं प्लास्टिक मुळात कडक, पाण्याच्या पाइपासारखं. ते मऊ करायला तेल घालतात. आमच्याकडे तेव्हा डीओपी वापरायचो, म्हणजे थॅलेट जातीचं तेल. शंभर किलो रेझिनला चाळीस किलो डीओपी ही आमची रोजची बॅच. हे तेल प्लास्टिकशी रासायनिक बांधलं जात नाही, नुसतं आत मुरून राहतं. म्हणूनच ते हळूहळू बाहेर येतं. जुनी रबरी बाहुली हाताला चिकट लागते ना, त्यातही बऱ्याचदा हेच तेल असतं.

पहिल्या फेरीत गाडे नुसते बघितले. निघताना गल्ल्याजवळच्या टोपलीतून चाळीस रुपयांचं एक पिवळं बदक घेतलं, दाबलं की चूं करणारं. घरी पिशवीतून काढलं आणि वास आला. त्यावर ना कंपनीचं नाव, ना आयएसआयची खूण, ना वयोगट. सूनबाईंना म्हटलं, हे बाळाच्या हातात देऊ नका. त्या म्हणाल्या, "बाबा, दोन दिवस उन्हात ठेवते, वास जाईल."

वास जाईल, खरं आहे. पण डीओपीला स्वतःला जवळपास वासच नसतो. नव्या खेळण्याचा जो भपकारा येतो तो बहुतेक दुसऱ्या उडून जाणाऱ्या द्रव्यांचा. ती उन्हात उडतात, डीओपी सहजी उडत नाही, ते आतच राहतं. म्हणून वास गेला म्हणजे खेळणं बाळाच्या तोंडात द्यायला मोकळे झालो असं कृपा करून समजू नका. वास नाही म्हणून निर्धास्त होणंही तितकंच चुकीचं.

संध्याकाळी गच्चीवर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, बदकाच्या बुडाला टेकवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार झाली. म्हणजे आत क्लोरीन आहे, बदक पीव्हीसीचं आहे. (हे घरात कोणी करू नका, तो धूर वाईट असतो.) मऊ करायला डीओपीच घातलंय असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. हल्ली थॅलेट नसलेली तेलंही मिळतात. ते प्रयोगशाळाच सांगू शकते. पण जिच्यावर बनवणाऱ्याचं नावसुद्धा नाही, त्या वस्तूबद्दल विचारायचं कोणाला?

आता आकडा बघा. शंभराला चाळीस, म्हणजे एकूण एकशेचाळीसात चाळीस, या हिशेबाने शंभर ग्रॅमच्या मऊ खेळण्यात अठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास तेल असतं. आपल्याकडच्या खेळण्यांसाठीच्या आयएस ९८७३ या मानकाच्या भाग ९ मध्ये अशा थॅलेटांची मर्यादा ०.१ टक्का आहे, म्हणजे शंभर ग्रॅममागे एक दशांश ग्रॅम. युरोपने हीच मर्यादा २००५ च्या निर्देशात कायमची केली. कारण काही थॅलेटं शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात, प्राण्यांवरच्या प्रयोगांत नर पिल्लांच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम दिसलेला आहे. मोठ्या माणसाच्या टेबलावर तेच बदक वर्षभर पडून राहिलं तर मला फारशी चिंता नाही. दहा महिन्यांचं बाळ मात्र ते तासन्‌तास चघळतं, आणि त्याचं वजन जेमतेम आठ-नऊ किलो. वस्तू तीच, पण बाळाला असलेला धोका कितीतरी मोठा.

दुसऱ्या फेरीत बदक परत न्यायला गेलो. सातपूरहून सिटीलिंक बसने जातो, कारण मेन रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही. चाळीस रुपयांसाठी कोण एवढं करतं, असं दुकानातल्या पोऱ्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेठ मात्र उठून आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, पैसे परत दिले. म्हणाले, "काका, टोपलीतला माल फेरीवाल्याकडून येतो, आम्ही कधी बघितलंच नाही." खरं बोलले, मला आवडलं.

मग पांगुळगाड्याचं विचारलं. घरी माळ्यावर माझ्या मुलाचा जुना गाडा आहे. १९८९ साली मीच त्याला पिवळा ऑइलपेंट लावला होता. आमची ही म्हणत होती, धुऊन घेऊ, कशाला नवा? मी ऐकलं नाही. त्या काळच्या पिवळ्या रंगात शिशाचं क्रोमेट सर्रास असायचं. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे लागू झाला तो १ नोव्हेंबर २०१७ पासून. रंगाचे पोपडे निघतात, बाळ कठडा चावतं, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मूल मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं. शिशाची निर्धोक पातळी अशी काही माहीतच नाही. माझ्या मुलाने तो कठडा चावला होता, दातांच्या खुणा अजून आहेत त्यावर. त्या बघितल्या की जीव कासावीस होतो.

दुकानातल्या गाड्यावर आयएसआय खूण होती, वर आयएस ९८७३ आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ही खूण सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या मालाला सूट आहे, त्यामुळे हाताने केलेल्या लाकडी भातुकलीवर खूण नसेल तर ती लगेच बेकायदा ठरत नाही. तिथे रंग कोणता ते विचारायचं. ही खूण देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीआयएसच्या, केअर ॲपमध्ये मी क्रमांक टाकला. कंपनीचं नाव आलं, परवाना चालू होता. शेठना हे ॲप ठाऊक नव्हतं, त्यांनी तिथल्या तिथे डाउनलोड केलं.

मी चाचणीचा अहवालही मागितला. तो मिळेल असं वाटलं नव्हतं. आठ दिवसांनी तिसऱ्या फेरीला गेलो तर शेठनी होलसेलरकडून मागवून छापून ठेवला होता. या चाचणीत खेळण्यावरचा रंग खरवडून जठरातल्या आम्लासारख्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, ३७ अंशांवर, एक तास हलवतात आणि एक तास स्थिर ठेवतात. मग किती उतरलं ते मोजतात. शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक धरून आठ मूलद्रव्यं. शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम, अहवालातला आकडा त्याच्या बराच खाली होता. ही पद्धत मला पटते. खेळण्यात काय आहे याच्या पुढे जाऊन बाळाच्या पोटात त्यातलं काय उतरेल, हे ती विचारते.

गाडा साडेअकराशेला पडला. ऑनलाइन शंभर-दीडशेने स्वस्त दिसत होता, पण तिथे अहवाल कोण दाखवणार? चाकं घट्ट आहेत, फरशीवर घसरत नाही, कडा गुळगुळीत. घंटी जरा कर्कश आहे, ती मी काढून ठेवली.

आता तारा का कापला. तिसऱ्या फेरीलाही टोपली तिथेच होती. बदकं कमी झाली होती, पण बाहुल्या आणि खुळखुळे तसेच, बिननावाचे. ती गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे, बरोबर लहान मुलांच्या हाताशी. माझ्यासमोर दीड-दोन वर्षांच्या एका मुलाने त्यातला खुळखुळा उचलून सरळ तोंडात घातला. आई बिल देत होती. मी तिला सांगितलं, तिने काढून घेतला, मूल रडायला लागलं.

शेठ, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहितो. आतल्या फळीवरचा तुमचा माल चांगला आहे, माणूस म्हणूनही तुम्ही चांगले आहात. तो फेरीवाल्याचा माल घेणं थांबवा. पुढच्या महिन्यात नातीच्या वाढदिवसासाठी ठोकळे घ्यायला येणार आहे. लाकडी, बिनरंगाचे असतील तर बाजूला ठेवा.